भालेरावकाकांनी नापास केलेलं घर

बदलापूरला कात्रपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये भालेरावकाका भाजी घेऊन चौथ्या मजल्यावर आले की मी शिलाई मशीन थांबवते. आमची दारं समोरासमोर, दोन्ही दिवसभर उघडी, त्यामुळे कान टवकारायचीसुद्धा गरज नसते. चांगुणाकाकी पिशवी ओट्यावर रिकामी करतात आणि विचारतात, पडवळ कुठंय.

"वाकडं होतं. नाही घेतलं."

"पडवळ वाकडंच असतं हो."

"त्यालाही काही मर्यादा असते," काका म्हणतात आणि चष्मा पुसत बसतात.

किसन भालेराव यांची सगळी नोकरी अंबरनाथच्या ऑर्डनन्समध्ये, म्हणजे तोफा-दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात गेली, तीही तपासणी खात्यात. म्हणजे दुसऱ्यांनी घाम गाळून बनवलेला माल यांनी बसून मोजायचा. मापात बसला तर पास, केसभर चुकला तर त्याच्यावर लाल खडूने फुली. रिटायर झाले तेव्हा खात्याने शाल दिली, घड्याळ दिलं आणि फुली मारायची सवय तेवढी काढून घ्यायला विसरलं. काकांच्या शर्टाच्या खिशात एक वेळ रुमाल नसेल, पण फीलर गेज असतंच. हा पोलादाच्या पातळ पात्यांचा जुडगा असतो, पंख्यासारखा उघडतो. फटीत कुठलं पातं जातं त्यावरून फट केवढी ते कळतं. बिल्डिंगमधलं कुठलं दार कुठल्या कोपऱ्यात नीट बसत नाही हे सोसायटीच्या सेक्रेटरीला माहीत नसेल, काकांना माहीत आहे. आणि ते न विचारता सांगतात.

मी काकींचा ब्लाउज शिवून दिला तर काकांनी दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवून उजेडात धरल्या. फरक होता, तेही सांगून टाकते. पण बाईच्या दोन दंडांत तरी कुठे सारखेपणा असतो? तेव्हापासून मी काकींचे कपडे काकींच्याच हातात देते, आणि तेही काका खाली गेल्याचं बघून.

मुलीच्या, अस्मिताच्या लग्नाचं तर विचारूच नका. एका मुलाचा हात मिळवताना ढिला लागला, दुसरा चहा पिताना बशीत सांडला, तिसऱ्यात काही सापडेना म्हणून तो काकांना जास्तच संशयास्पद वाटला. शेवटी अस्मिताने आपल्या ऑफिसातल्या राजरत्नला घरी आणलं. चहा थंड होईपर्यंत काका त्याच्या बुटांची शिवण न्याहाळत होते. अस्मिताने तिथल्या तिथे सांगितलं, "पप्पा, हा माल परत जाणार नाही." काकी पदर तोंडाला लावून आत पळाल्या. आतून हसण्याचा आवाज बाहेर येतच होता.

चांगुणाकाकी मुरबाडकडच्या. विहारात रविवारच्या वंदनेला बायका गोळा करायचं काम त्यांचं, आणि नवऱ्याने सकाळपासून ज्यांची ज्यांची मनं दुखावली त्यांच्याकडे संध्याकाळी वाटीभर काहीतरी पोचवायचं कामही त्यांचंच. त्यामुळे काकांनी माझ्यावर टीका केली की मी मनातून खूश व्हायचे. संध्याकाळी खीर यायची.

गेल्या वर्षीच्या मेमध्ये मात्र हसण्यावारी नेण्यासारखं काही राहिलं नाही. आमचा मजला सगळ्यात वरचा. डोक्यावर नुसता स्लॅब. बदलापूरचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला वेगळं सांगायला नको, दुपारी भिंतीला पाठ टेकवता येत नाही आणि टाकीचं पाणी आंघोळीला उकळून आल्यासारखं येतं. सोसायटीने गच्चीवर शेड घालायचं ठरवलं होतं. काकांनी आलेल्या प्रत्येक कंत्राटदाराचं जुनं काम जाऊन बघितलं आणि सगळ्यांच्या वेल्डिंगवर फुल्या मारल्या. मग बाकीच्यांचा उत्साह मावळला. खालच्या लोकांना काय, त्यांच्या डोक्यावर शेड म्हणून आम्ही होतोच.

त्या दुपारी लाइट गेली होती. काकी भाकरी थापत होत्या, थापता थापता परातीवरच कोसळल्या. लिफ्ट तर कायमचीच बंद पडलेली. माझ्या नवऱ्याने, हेमचंद्रने, आणि काकांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार मजले खाली उतरवलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ऊन बाधलंय, आणि हृदयावरही ताण आलाय. आता वाचल्या, पण पुन्हा असं झालं तर निभावेलच असं मी सांगू शकत नाही, पुढचा उन्हाळा त्या घरात काढू नका. काका नुसते मान हलवत होते. डॉक्टरांच्या बीपी मशीनबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही, तेव्हाच मी ओळखलं की माणूस मुळापासून हादरलाय.

आधी एसी लावून झाला. पण आमच्याकडे ज्या दुपारी एसीची सगळ्यात जास्त गरज, नेमकी त्याच दुपारी लाइट जाते. मग अस्मिताने ते घर शोधून काढलं.

हे घर कारखान्यात बनतं. खोल्या तिथेच तयार करायच्या, ट्रेलरवरून आणायच्या, क्रेनने जोत्यावर ठेवायच्या आणि एकमेकींना बोल्टने जोडायच्या. विटा नाहीत, रेती नाही, महिनोन् महिने भिंतींवर पाणी मारणं नाही. भिंत म्हणजे सिमेंटचे दोन पत्रे आणि मधे फोम, त्यामुळे ऊन आत पोचत नाही. छप्पर पांढरं आणि दुहेरी, मधे हवा खेळायला जागा. समोरासमोर खिडक्या, वर गरम हवा बाहेर जायला झरोके, आणि छतावर सोलर, म्हणजे लाइट गेली तरी पंखा आणि फ्रिज चालू. विटांच्या घरापेक्षा स्वस्तही पडतं. काकांनी कारखान्यातल्या मित्रांबरोबर पूर्वी कधीतरी बारवी रोडला छोटा प्लॉट घेऊन ठेवला होता, त्यावर हे बसणार होतं. बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी त्याला 'डबा' नाव ठेवलं. मीही ठेवलं. काका चिडले नाहीत. कारखान्यात बनणारं घर! म्हणजे त्याला ड्रॉइंग असणार, मापं असणार, तपासणी असणार. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं खुशीत बघितलं नव्हतं.

घर बनवणारे तलरेजाशेठ उल्हासनगरचे. वडिलांचा लोखंडी कपाटांचा धंदा, याने अंबरनाथच्या एमआयडीसीत शेड घेऊन घरं बनवायला सुरुवात केली. बिचारा हौशी माणूस. पहिल्याच भेटीत म्हणाला, "काका, आप खुद आके चेक करो, कधी पण या, अपनीच शेड आहे." हे वाक्य त्याने कुणालाही ऐकवलं असतं तर चाललं असतं. नेमकं किसन भालेरावांना ऐकवलं.

दिवाळीत ऑर्डर दिली. संक्रांतीला घर शेडमध्ये जोडून उभं राहिलं, आणि तपासणी सुरू झाली. काकी तिळगूळ वाटत होत्या, काका तिकडे दाराखालची फट मोजत होते. एका बाजूला कमी, एका बाजूला जास्त. फुली. तलरेजाने दार नवीन बसवलं. मग काकांनी सगळ्या खिडक्या बंद करून बाहेरून टॉर्च मारायला लावली आणि आत अंधारात बसून दोन खोल्यांच्या जोडातून उजेड येतो का ते बघितलं. आला. केसाएवढा. फुली. ते झालं तर खिडकीच्या उंबऱ्याला बाहेरच्या बाजूला उतार कमी, पावसाचं पाणी थांबेल. तलरेजाने तेही करून दिलं. मग एका भिंतीचा स्क्रू सरळ रेषेत नव्हता. संतोष नावाचा तिथला फिटर काकांची रिक्षा लांबून दिसली की चहाला निघून जायला लागला.

चौदा एप्रिलला जयंतीच्या दिवशी नव्या घरात बुद्धवंदना घेऊन राहायला जायचं, असं काकांनी सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं. जयंती आली. वंदना झाली ती चौथ्या मजल्यावर, स्लॅबखाली, दोन टेबल फॅन उसने आणून. त्यातला एक माझा होता. बारवी रोडला जोतं कधीच तयार होऊन पडलं होतं, त्यावर पाड्यातल्या कोंबड्या येऊन बसायला लागल्या होत्या.

तलरेजाही शेवटी वैतागला. हात जोडून म्हणाला, "काका, ये घर है. तोप नहीं है."

"तोफेत कुणी झोपत नाही," काका म्हणाले आणि पुढच्या खिडकीकडे गेले.

हे मला काकांनीच येऊन सांगितलं, तेही तलरेजाचा मूर्खपणा म्हणून. मला हसू आलं आणि रागही आला. कारण इकडे काकींचे हाल मी रोज बघत होते. सकाळचं जेवण उन्हाआधी उरकायचं, डोक्यावर ओला टॉवेल घ्यायचा आणि दुपारभर खाली पार्किंगमध्ये वॉचमनच्या खुर्चीत बसायचं. चार मजले उतरताना तीनदा थांबायच्या, चढताना तर मला जिन्यात डोकावून बघावं लागायचं कुठवर आल्यात ते. तरी तोंडाने तक्रार नाही. विचारलं की म्हणायच्या, "त्यांचं चाललंय ना बघणं. होईल."

एकदा मी तोंड उघडलंच. काका जिना चढत होते, मी वाटेतच गाठलं. "काका, बाई मरायला टेकलीय इथे आणि तुम्ही स्क्रू मोजताय. माणसाने किती खोड काढावी?"

काकांना राग यायला हवा होता. नाही आला. खिशातलं गेज काढून ते उघडमीट करत राहिले. "मीनल, तुझा ब्लाउज उसवला तर परत शिवता येतो," एवढंच म्हणाले. मी तणतणत आत आले. माझ्या शिवणकामाचा विषय आला की माझं डोकं फिरतं, त्यामुळे ते नेमकं काय सांगत होते ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

त्यानंतर आठवडाभराने, अशीच लाइट गेलेल्या दुपारी, काकी माझ्या दारात उभ्या राहिल्या. एका हातात पिशवी, काखेत सतरंजी, चेहरा लालबुंद.

"मीनल, रिक्षा बघ."

मी ताडकन उठले. "दवाखान्यात?"

"अंबरनाथला. घरी जायचंय मला."

मी म्हटलं ऊन डोक्यात गेलं की काय. पण काकी चार मजले न थांबता उतरल्या, ते बघून मी पाठोपाठ चप्पल सरकवली. रिक्षात त्या पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. पिशवीतून उशीचा कोपरा बाहेर डोकावत होता.

तलरेजाला शेडमध्ये पुढच्या गिऱ्हाइकाचं काम सुरू करायचं होतं, म्हणून त्याने काकांचं घर बाहेर आवारात, भर उन्हात आणून ठेवलं होतं. पांढरं, छोटं, नीटनेटकं घर. फक्त अंगभर लाल फुल्या, जागा मिळेल तिथे. काका स्वयंपाकघराच्या खिडकीशी वाकून पातं सरकवत होते. आम्हाला बघून सरळ उभे राहिले.

"तू कशाला आलीस उन्हाची?"

काकींनी दारात चपला काढल्या, आत गेल्या, मधल्या खोलीत सतरंजी अंथरली, उशी ठेवली आणि आडव्या झाल्या. माझ्या नवऱ्याला मी इतक्या वर्षांत एवढं साधं उत्तर देऊ शकले नाही.

काका धावत आत आले. "अगं ऊठ. अजून पास नाही झालं ते."

"मी तरी कुठे पास आहे?" काकी डोळे मिटूनच म्हणाल्या. "डॉक्टरने फुली मारूनच पाठवलंय ना मला घरी. नापास बाईला नापास घर चालतं."

"चेष्टा नको. इथे कोपऱ्यात फट आहे."

"असू दे."

"असू दे कशी? पावसात वारा सुटला, पाणी शिरलं, वायरिंगला लागलं तर?"

काकी उठून बसल्या. मी त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, तेव्हाही त्यांनी चढवला नाही. "जानेवारीपासून तुम्ही या घराकडे बघताय. माझ्याकडे कधी बघितलंत? त्या जिन्यावर बसून मी रोज विचार करते, आज वर पोचेन की नाही. मला पण भीती वाटते हो."

मी दाराबाहेर सरकले, पण फार लांब नाही, खोटं कशाला बोलू. मग काकांचा आवाज आला, तो मला ओळखीचाच वाटेना. "कारखान्यात मी पास केलेला माल गेटबाहेर गेला की संपलं. तो कुणाच्या हातात पडला, पुढे काय झालं, मला कधी कळलं नाही. रात्री झोप लागायची. यात तू राहणार आहेस, चांगुणा. मी पास म्हटलं आणि काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? तू पडलीस त्या दिवशी मला खुर्चीचा पायसुद्धा नीट धरता येत नव्हता."

"माहीत आहे. मला वरून दिसत होतं."

"मग?"

"मग काय? तुमची भीती संपेपर्यंत मी त्या भट्टीत बसू? ती नाही संपायची. घेऊन या तिला पण इथे राहायला." आणि त्या परत आडव्या झाल्या, यावेळी भिंतीकडे तोंड करून.

काकांनी मग जे येतं तेच केलं, कोपऱ्यात बसून पातं फटीत सरकवायला लागले. मी आत येऊन दाराशी टेकून बसले. आणि आता मला बोलायला हरकत नाही, बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळत होतं, घराला अजून लाइट जोडलेली नव्हती, पंखा नव्हता, तरी त्या डब्यात माझ्या मानेवरचा घाम वाळायला लागला. समोरासमोरच्या खिडक्यांतून वारा येत होता. माझ्या पाठीला भिंत चक्क गार लागत होती. मी हे मोठ्याने म्हणणार होते, पण तेवढ्यात घोरण्याचा आवाज आला.

काकी झोपल्या होत्या. नुसत्या डुलकीला नव्हत्या टेकल्या, तोंड उघडं टाकून, पदराचं भान नसलेल्या, गाढ. कपाळावर घामाचा थेंब नाही. गेल्या मेपासून ही बाई दुपारची झोपली नव्हती.

काका वळले. फटीतलं पातं तसंच हातात. ते काकींकडे बघत राहिले, बराच वेळ, तपासत असल्यासारखं नाही, वेगळंच. मग चष्मा काढला आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

एवढ्यात आवारात संतोषने ग्राइंडर सुरू केला. त्या कर्कश आवाजाने काकींची पापणी हलली. आणि काका, जे कधी रस्ता ओलांडताना घाई करत नाहीत, ते अनवाणी तसेच तापलेल्या काँक्रीटवरून धावत सुटले. हात हलवत, तोंडातून आवाज न काढता, पाय भाजतायत म्हणून उड्या मारत. संतोषला वाटलं आता आपलं काही खरं नाही, त्याने घाबरून मशीन बंद केलं. काकांनी तोंडावर बोट ठेवलं, मग शेडमधल्या बाकीच्यांनाही तीच खूण केली. कुणाला काही कळलं नाही, पण सगळ्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

तलरेजा ऑफिसातून बाहेर आला. काकांना अनवाणी बघून त्याला वाटलं, आज मोठाच दोष सापडलेला दिसतोय.

"क्या हुआ काका? रिजेक्ट? की पास? ट्रेलर कधी बोलवू, आज तरी बोलून टाका."

"हळू बोल," काका म्हणाले. "झोपलीय ती. उठली की तिलाच विचार."